रबरी बोटीला मोटर कोणती घेऊ? पाणी गोसीखुर्दचं, जिना नागपूरचा

पाणकोंबडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधी थोडं रामायण सांगते. नाही तर तुम्ही सगळे "वापर काय, बजेट किती" विचारत राहाल आणि मी तुकड्यातुकड्यानं उत्तरं देत बसेन.

वय एकोणसाठ. मागच्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. राहते त्रिमूर्तीनगरकडे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माहेर पवनीकडचं. भावाचं शेत गोसीखुर्दच्या बुडिताला लागून आहे. १९८८ च्या एप्रिलात राजीव गांधींनी त्या धरणाचा दगड बसवला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि पाणी आपल्या अंगणापर्यंत येईल असं घरात कोणालाच खरं वाटत नव्हतं. आता आईचं घर, शाळेची पडवी, चिंचांची रांग, सगळं पाण्याखाली आहे. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, सोनं घे. मी रबरी बोट घेतली. घरात अजून टोमणे चालू आहेत.

बोट नऊ फुटी, पीव्हीसीची. तळाला हवा भरायची गादी, मागे मोटर अडकवायला लाकडी फळी. फळीची उंची टेपनं मोजली, ३८ सेंटिमीटर. पट्टीवर लिहिलंय: कमाल ६ एचपी, माणसं तीन. बोटीचं वजन २७ किलो. ती भावाच्या गोठ्यातच असते, त्यामुळे तिची चिंता नाही. मोटर मात्र मला नागपूरला परत आणावी लागेल. गोठ्यातून मागच्याच वर्षी पाण्याचा पंप गेला.

आता मोटर कशाला, ते. जानेवारीत एका सकाळी वल्ही मारत एकटीच निघाले. पाणी काचेसारखं होतं. आईच्या घराचा अंदाज घेत पाऊण किलोमीटर आत गेले, थोडा वेळ बसले, डबा खाल्ला. साडेअकराला वारा सुटला. फार नाही, गहू उफणायला बरा पडेल एवढाच. पण रबरी बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेला फुगा. मी दहा वल्ही मारायची अन् बोट आठ वल्ही मागे जायची. शेवटी नाद सोडला आणि वारा नेईल तिकडे जाऊ दिलं. दोन किलोमीटरवर कोणाच्या तरी लाखोरीच्या शेतात जाऊन लागले. भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. वाटेत एक शब्द बोलला नाही, त्यावरून काय ते समजले.

तर मला वेग नको आहे. जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर, बहुतेक वेळा एकटी, कधी भाचा सोबत. वाऱ्यात परत येता आलं पाहिजे, एवढंच.

तीन पर्याय समोर आहेत.

एक, ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवरची. घरात इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आहेच, तीच न्यावी असं मनात आहे. दोन, नवी अडीच एचपीची फोर-स्ट्रोक पेट्रोल. तीन, ओळखीत एक जुनी ६ एचपी टू-स्ट्रोक मिळते आहे, स्वस्तात. विकणारा म्हणतो, "ताई, ताकद असलेली बरी, पाण्यात भरवसा नाही."

आणखी दोन गोष्टी. पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, आणि काठाला जलपर्णी. (ती आपल्याच नागपूरची देणगी. सांडपाणी नाग नदीतून कन्हानात, कन्हानातून वैनगंगेत, तिथून माझ्या माहेरी.) बजेट साठ-सत्तर हजार. कोणाला अनुभव असेल तर सांगा. अनुभव नसेल तर टोमणे घरी भरपूर मिळतात.

---

फुटाळ्याचा_पाहुणा

एवढ्या पैशात फुटाळा तलावावर बसून वीस वर्षं भुट्टे खाता येतील काकू. तेही वाऱ्यात.

---

समुद्राकाठचा_धरमपेठी

ताई, मी मूळचा धरमपेठेतला, बारा वर्षांपासून मालवणात. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे अडकवायच्या मोटरी, दुरुस्त करणं हाच धंदा. इकडे तिला ओबीएम म्हणतात. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण फळीची उंची मोजून विचारणारं गिऱ्हाईक मला आजवर एकही भेटलं नाही. ३८ सेंटिमीटर म्हणजे पंधरा इंच, म्हणजे शॉर्ट शाफ्ट, पंख्यापर्यंत जाणारा आखूड दांडा. लाँग शाफ्ट वीस इंचांच्या फळीसाठी असतो. तो तुमच्या बोटीला लावला तर पंखा पाच इंच उगाच खोल जाईल आणि पहिल्याच खुंटावर आपटेल. जुनी मोटर घेताना हे आधी बघा, विकणारे सांगत नाहीत.

आता "ताकद असलेली बरी" यावर. पाणी कापत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. गणित असं: पाण्याला टेकलेली लांबी फुटात, तिचं वर्गमूळ, गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. तुमची आठ फूट टेकते असं धरा. पावणेचार-चार नॉट, म्हणजे तासाला सात किलोमीटरच्या आसपास. अडीच एचपी तिथवर नेते. त्यापुढे जास्तीची ताकद वेग देत नाही. बोट स्वतःच केलेल्या लाटेवर चढायला बघते, नाक वर, बूड खाली, पेट्रोल दुप्पट. ती लाट ओलांडून पाण्यावर सरपटायला लागली की मग वेग येतो, पण दोन माणसं असतील तर नऊ फुटीला त्यासाठी आठ-दहा एचपी लागतात. तुमच्या पट्टीवर कमाल सहा आहे. म्हणजे सहावाली तुमच्यासाठी ना इकडची ना तिकडची. एकट्या हलक्या माणसाला कदाचित सरपटवेल. ते तुम्हाला नकोच आहे.

वजन बघा. अडीच एचपीच्या आसपासच्या फोर-स्ट्रोक साडेतेरा ते सतरा किलोच्या असतात. साडेतीनवाली अठराच्या पुढे. चार, पाच आणि सहा एचपी बहुतेक कंपन्या एकाच इंजिनावर काढतात, फरक श्वास घेण्याच्या वाटेत, म्हणून तिघींचं वजन जवळपास तेच, पंचवीसच्या आजूबाजूला. जुनी टू-स्ट्रोक सहा पण तेवढीच भरेल. जिना तुमचा, निर्णय तुमचा.

मी असतो तर होंडाची २.३ बघितली असती. ५७ सीसी, हवेवर थंड होते. तुमच्या जलपर्णीत हे महत्त्वाचं आहे. बाकीच्या मोटरी खालच्या जाळीतून पाणी ओढून इंजिन थंड करतात, आणि थंड झाल्याची खूण म्हणून मागून बारीक धार सोडतात. जाळीवर एक पान बसलं की धार बंद. माणूस पुढे बघत असतो, पाच मिनिटांत इंजिन भाजतं. हवेवाली तशी भाजत नाही. बदल्यात आवाज फार, पक्षी उडून जातील. क्लच लुनासारखा: रेस दिली की चालते, सोडली की थांबते. रिव्हर्स नाही, अख्खी मोटर गर्रकन फिरवायची. टाकी लिटरभराची, पूर्ण रेसवर जेमतेम तासभर.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं. ते हवेतली ओल धरतं, आणि महिनाभर कार्ब्युरेटरमध्ये राहिलं तर बारीक जेट बुजतं. माझ्याकडे येणाऱ्या लहान मोटरींपैकी बहुतेक मोडलेल्या नसतात, नुसत्या तुंबलेल्या असतात. दर वेळी परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालवायचं, मग तळाचा स्क्रू काढून उरलेले थेंब सांडायचे. आणि फोर-स्ट्रोक गाडीत आडवी ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच. उलट्या कुशीवर ठेवली की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

तरी ती सहावाली बघायलाच जाणार असाल तर खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल करून एक थेंब बोटावर घ्या. ताकासारखा पांढरट निघाला तर पाणी आत गेलंय, नमस्कार करून परत या.

---

पाणकोंबडी

धरमपेठी दादा, डोळे उघडले. काल एक प्रयोग केला. किराणा दुकानदाराकडून पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं घेतलं आणि म्हटलं, वर घेऊन जाते. पहिल्या वळणावर खाली ठेवलं. तिथून वरच्या मजल्यावरच्या पोरानं नेलं. मग घरी त्यातले तेरा किलो वेगळे काढून पिशवीत घेतले आणि खालीवर दोनदा केलं. जमतं, पण दुसऱ्या फेरीला गुडघा बोलला. म्हणजे सहावाली गेली. (तांदूळ मात्र आता पंचवीस किलो पडलाय.)

पंपावरही जाऊन आले. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देणार नाही म्हणाला. बरोबरच आहे त्याचं, पण मग मी दर वेळी गाडीतून उपसू का?

बॅटरीवाल्या मोटरीबद्दल कोणी बोलेल का?

---

वाइंडिंगवाला_इतवारी

बोलतो न ताई. पस्तीस वर्षांपासून मोटरीच भरून राहिलो, पाण्यातली काय अन् पंख्यातली काय.

पहिलं, ती इन्व्हर्टरची बॅटरी डोक्यातून काढा. १५० एएच ट्यूब्युलर म्हणजे पन्नास-साठ किलो. तुम्हाला तेरा किलोला गुडघा बोलला. अन् बोट कलली का तिच्या झाकणातून ॲसिड येते. पीव्हीसीवर पडलं, तुमच्या पायावर पडलं, काय करान? राहू द्या तिला घरात, मे महिन्यात लाइट गेल्यावर आठवण येईल.

आता हिशेब. ट्रोलिंग मोटर घ्यायची तर ५५ पाउंड रेट्याची. पाउंड म्हणजे इथे ओढण्याची ताकद, ५५ पाउंड म्हणजे पंचवीस किलो. बारा व्होल्टवर ती पूर्ण वेगात पन्नास अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे सहाशे वॅट. साधी लेड-ॲसिड १०० एएचची असली तरी अर्धीच वापरायची, जास्त उतरवली का मरते, अन् एवढा करंट ओढला का आणखी कमी देते. म्हणजे पूर्ण वेगात पाऊण तास. लिथियम फॉस्फेटची १०० एएच घेतली तर पावणेदोन तास, अन् वजन दहा ते तेरा किलो. पैसा तिथेच जाईल, मोटरीत नाही.

पण पूर्ण वेगात चालवायचंच काहून? अर्ध्या वेगात करंट एकचतुर्थांशच्याही खाली येतो. तीन-चार किलोमीटर तुम्ही आरामात करून याल अन् बॅटरी अर्ध्याच्या वर राहील. फक्त एक पाहा. स्वस्त मोटरीत पाच वेग पुढे, तीन मागे असे खटके असतात. त्यात वेग कमी करायला आत रेझिस्टन्सची तार घातलेली असते. वेग कमी होतो, पण वाचलेली वीज तारेत जळते अन् पाण्याला जाते. पीडब्ल्यूएमवाली घ्या, म्हणजे वीज झरझर चालू-बंद करून वेग ठरवणारी, जिचा दांडा पिळला का वेग हळूहळू वाढतो. ती खरंच वाचवते. दुकानदाराला हा प्रश्न विचारा. तो गडबडला तर दुसरं दुकान.

बॅटरीच्या आत बीएमएस असते, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट. ती सतत शंभर अँपिअर देणारी आहे का पाहा, पन्नासवाली ऐन वाऱ्यात ट्रिप होईल. मध्ये साठ अँपिअरचा डीसी एमसीबी टाका. घरातला एसीवाला नाही, डीसी तोडताना तो आतल्या आत पेटतो. केबल सोळा स्क्वेअर मिलिमीटर जाडीची. लिथियमच्या व्होल्टेजवरून चार्ज समजत नाही, पार संपत येईपर्यंत ती तेराच दाखवते. मग एकदम बसते. शंटवाला मीटर लावा, जो गेलेले अँपिअर मोजतो.

अन् आपल्या नागपूरचा उन्हाळा. पंचेचाळीसच्या वर गरम झालेली लिथियम चार्ज करायची नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून काढली अन् लगेच चार्जरला लावली, असं करू नका. रात्री लावा.

वाऱ्याबद्दल खरं सांगतो. पंचवीस किलोचा रेटा पेट्रोलच्या अडीच एचपीपेक्षा कमीच पडेल. लाखोरीच्या शेतात नेणारा जो वारा तुम्ही सांगितला त्याला पुरेल. वादळाला नाही पुरणार. वादळाला अडीच एचपी पण नाही पुरत.

माझ्याकडे एक ५५ पाउंडची पडून आहे, खटक्यावाली. गिऱ्हाईक भरायला देऊन गेलं अन् आलंच नाही. नेऊन पाहा. खर्च करायच्या आधी बोट कोण्या तळ्यात टाका, मागून दोरी बांधा, काठावरच्या खुंटीला सामान तोलायचा हुकवाला काटा लावा अन् पूर्ण वेग द्या. काटा काय म्हणते ते इथे लिहा. जाहिरातीवर विश्वास ठेवायचं वय नाही राहिलं आपलं.

---

समुद्राकाठचा_धरमपेठी

वाइंडिंगवाल्या काकांचा हिशेब बरोबर आहे, पण समुद्रात मी बॅटरीवर जाणार नाही. तळ्यात ठीक. ताई, एक विसरलो. तुमच्याकडचं ऊन. सकाळी सहाला २५ अंशांत ०.२ बार दाबानं हवा भरली आणि दुपारी काठावर नळ्या तापून ५५ ला गेल्या, तर तीच हवा ०.३ च्या वर जाते. शिवण तिथेच सुटते. पाण्यातून काढली की थोडी हवा सोडायची, परत टाकताना भरायची. आलस करू नका.

---

बुडितातला

बाई, नमस्कार. मी त्याच पान्यातला. आमी ढिवर, मासे धरनारे. वडलाचा डोंगा होता, आता संस्थेची फायबरची नाव हाये. शाळेत बोलू द्यायचे नाही म्हणून आता लिहून सांगतो.

मोटर कोनतीबी घ्या, पन पान्यात काय हाये ते आधी समजून घ्या. दिवाळीपासून पानी भरलेलं असते तवा खुंट दोन पुरुष खाली असतात, मोटरीले लागत नाही. मार्चपासून पानी उतरते अन् खुंट हातभर खाली येतात. दिसत नाही, पन असतात. तेच वाईट. मे महिन्यात डोकं वर काढतात, तवा उलट सोपं, दिसतात तरी. मार्च-एप्रिलात पुढं एक मानूस बांबू घेऊन बसलाच पायजे. एकट्यानं जाऊ नका. बॅटरीच्या मोटरीची नळी वर सरकवता येते म्हनतात, तसं असंल तर चांगलं. पंख्यात एक पिन असते, खुंटाले लागला का ती तुटते अन् मोटर वाचते. दोन पिना अन् पाना खिशात ठेवा. पिशवीत नाही, खिशात. पिशवी काठावर राहते.

जलपर्नी पंख्याले गुंडाळली तर उलटं फिरवायचं, अर्धी निघते. उरलेली मोटर बंद करून हातानं. चालू मोटरीत हात घालनारे दोन जन मले माहीत हायेत.

जाळ्यायचं सांगतो. सांजच्याले आमी जाळे टाकतो, सकाळी काढतो. रिकाम्या बाटल्या नाही तर थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले का त्या दोहीच्या मधून जायचं नाही, फिरून जायचं. तुमचा पंखा अटकला तर तुमची पिन जाईल, माह्या भावाचं जाळं जाईल. पिन स्वस्त असते.

वारा सकाळी नसते, अकराच्या पुढं येते. जाताना वारा तोंडावर पडंल अशी दिशा धरा. येताना तो पाठीवर राहते अन् मोटर बंद पडली तरी घराकडंच नेते. तुमी त्या दिवशी उलटं केलं, म्हनून लाखोरीत गेल्या. ते शेत माह्या साडभावाचं हाये. अजून सांगते तो लोकायले.

पावसात धरनाचे ३३ दारं हायेत, ते उघडले का पान्याले ओढ लागते. तवा बोट गोठ्यातच.

कागदाचं बी पाहा. वल्हं मारत होत्या तवर कोनी काही म्हनलं नाही. मोटर लावली का ती यंत्राची नाव झाली, बॅटरीची असो का पेट्रोलची. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात तिची नोंदनी लागते, अन् जलाशयात उतरायले जलसंपदावाल्यायले विचारावं लागते. मासेमारीचा ठेका संस्थेकडं असते, म्हनून संस्थेत बी येऊन सांगून जा. चहा पाजतो.

---

फुटाळ्याचा_पाहुणा

मस्करी केली होती काकू, आता सिरियसली. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, बोटीत ठेवायचं नसतं. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटून पोरं गेली, त्यातल्या एकाला मी ओळखत होतो. तेवढंच सांगायचं होतं.

---

पाणकोंबडी

पाहुण्या, अंगातच असतं. त्या दिवशीही होतं. भुट्ट्याचं माफ केलं.

बुडितातल्या, तू कोणत्या बाकावर बसायचास ते मला बहुतेक कळलंय. बोलू देत नव्हते कारण तू थांबत नव्हतास. आता लिहितोस ते वाचून वाटतं, बोलू द्यायला हवं होतं. साडभावाला माझा नमस्कार सांग.

प्रयोगाचा अहवाल. इतवारीतून मोटर आणली, साडेनऊ किलो भरली. सोबत काकांनी जुनी लेड-ॲसिड बॅटरी दिली, ती दोघांनी उचलली. भावाच्या शेततळ्यात बोट टाकली. भाऊ काठावर उभा राहून "माझं अस्तर फाडशील" एवढं एकच वाक्य वीस मिनिटं म्हणत होता, म्हणून मोटरीची नळी वर ओढून पंखा हातभरच खोल ठेवला. दोरी खुंटीला, मध्ये काटा. पूर्ण वेगात काट्यानं एकवीस किलो दाखवले. पंचवीस नाही. भाचा म्हणाला बॅटरी म्हातारी आहे म्हणून. असेल. दुसऱ्या खटक्यावर पाच किलो, आणि तेवढ्यात बोट तळ्यात छान चालते, माणूस भरभर चालेल तशी.

मग भावाला म्हटलं, आता तू दोरी धर आणि मला वाऱ्यानं ओढल्यासारखं मागे ओढ. त्यानं एका हातानं ओढलं, मी दुसऱ्या खटक्यावर जागेवर उभी. दोन हातांनी ओढलं, मी चौथ्यावर. मग तो हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

काठावरून जलपर्णीचे दोन गड्डे आणून मुद्दाम पंख्यापुढे टाकले. एक गुंडाळला, उलटं फिरवल्यावर सुटला. दुसरा हातानं काढला, मोटर बंद करून, तार काढून.

आवाज नाही हे मात्र मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं. धरमपेठी दादांनी पेट्रोलचा आवाज सांगितला, पण त्याच्या उलट बाजूला काय असतं ते तळ्यातच समजलं. बांधावर टिटवी बसली होती, ती उठलीच नाही.

---

समुद्राकाठचा_धरमपेठी

हरलो. टिटवीसमोर माझं काही चालत नाही. पण वल्ही बोटीतच ठेवा.

---

पाणकोंबडी

सहा आठवड्यांनी परत आले. कागद हातात आल्यावरच पाण्यात उतरायचं ठरवलं होतं, त्याला एवढे दिवस गेले. कुठल्या टेबलावर किती दिवस, ते लिहीत नाही.

घेतलं काय: ५५ पाउंडची पीडब्ल्यूएमवाली, १०० एएच लिथियम (साडेअकरा किलो, जिन्यात दोन खेपा, एक मोटरीची, एक बॅटरीची), शंटचा मीटर, डीसी एमसीबी. बजेटच्या चार हजार वर गेलं. तांदूळ धरून.

पहिल्या फेरीला संस्थेची नाव सोबत होती, बुडितातला स्वतः पुढे बांबू घेऊन. सकाळी पावणेसातला निघालो, वारा तोंडावर घेऊन, म्हणजे होता तेवढा. सव्वा तासात जाऊन आलो. मीटरनं सव्वीस अँपिअर-तास गेल्याचं सांगितलं. परतीत अकराच्या आधीच वारा आला, पाठीवर होता, मोटर जेमतेम चालू ठेवली. चिंचांच्या रांगेपाशी, म्हणजे बुडितातल्यानं सांगितलं की इथे रांग आहे तिथे, त्यानं बांबू खाली घातला आणि तो खडकन लागला. बांबू माझ्या हातात दिला. मी पण लावून पाहिला. मग पुढे गेलो.

आता अडचण. मी मागे दांड्याशी बसते, मोटर मागे, बॅटरी पण मागे माझ्या पायाशी. एकटी असले की बोटीचं नाक आभाळाकडे जातं, समोरचं काही दिसत नाही आणि वारा नेमका त्या उचललेल्या नाकालाच धरून फिरवतो. बॅटरी पुढे नेऊन बांधू का? चालेल?

---

वाइंडिंगवाला_इतवारी

चालेल काय, तसंच करायचं असते. साडेअकरा किलो पुढच्या टोकाला म्हणजे अर्धा भाचा बसल्यासारखं. फक्त केबल लांब होईल, मग सोळा स्क्वेअरच्या जागी पंचवीसची घ्या, नाही तर वाटेतच व्होल्ट गळतात. एमसीबी बॅटरीजवळच ठेवा, मोटरीजवळ नाही. अन् खोका पट्ट्यानं गच्च बांधा.

---

पाणकोंबडी

केबल आणली, पंचवीसची, तीन-तीन मीटर. टोकाला लग (तारेला बसवायचं धातूचं टोपण) दाबायचं अवजार माझ्याकडे नाही. गुरुवारी इतवारीत येते, दुपारी असाल न दुकानात? येताना तुमची खटक्यावाली मोटर पण परत आणते. आणि पाच किलो तांदूळ.